भिंतीआडचे दिसते, भिंत दिसत नाही

प्रति,
भंडारा जिल्ह्यातील रेडिओलॉजिस्ट, सोनोग्राफी करणारे इतर डॉक्टर, आणि त्यांच्याकडे चिठ्ठी देऊन बायांना पाठवणारे स्त्रीरोगतज्ज्ञ व सर्जन यांस,



तुमसरहून भंडाऱ्याकडे येणाऱ्या एसटीत एक बाई चढते. गाडी खचाखच भरलेली. दारापाशी उभ्या बाईकडे पाहून एक म्हातारबाबा खिडकीची जागा सोडतात आणि म्हणतात, "बस माय, दोन जिवाची बाई उभी कायले राहतेस?" बाई काही न बोलता बसते. पहिल्या वर्षी ती समजावून सांगायची. आता सोडून दिले आहे. तिचे धाकटे लेकरू दोन वर्षांचे झाले, ते घरी आजीजवळ खेळते आहे, आणि पोटात कोणी नाही.

सोनोग्राफी केंद्रातही तेच. काउंटरवरची मुलगी पोटाकडे पाहते, शेवटची पाळी कधी आली ते विचारते आणि गरोदर बाईसाठी भरायच्या एफ फॉर्मच्या गठ्ठ्याकडे हात नेते. "माह्या लेकराले दोन वरसं झाली, आता कायची पोटुशी मी!" बाकावरच्या बाया हसतात, तीही हसते. मग बाटलीभर पाणी, तासभर बसणे, लघवी दाबून धरणे, आणि अखेर आतली दहा मिनिटे. गार जेल, पोटावरून फिरणारा प्रोब, "श्वास घ्या, धरा, सोडा." रिपोर्ट हातात येतो. यकृत ठीक, पित्ताशयात खडे नाहीत, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडे, मूत्राशय, गर्भाशय, अंडाशय, सगळे जागच्या जागी. खाली इंग्रजीत एक ओळ: लक्षणीय दोष आढळला नाही.

घरी त्या ओळीचा निकाल होतो. "सोनोग्राफीत काही नाही निघालं." त्या दिवसापासून बाईच्या तक्रारीला नखरा म्हणतात.

हे केंद्र कोणते ते सांगण्यात हशील नाही. ते पवनीत असेल, साकोलीत असेल, नागपुरातले चांगले मोठे, वातानुकूलितही असेल. तिथल्या डॉक्टरांनी चूक केली असेही हे पत्र म्हणत नाही. चिठ्ठीवर "पोटाची सोनोग्राफी" एवढेच लिहिले होते आणि त्यांनी पोटातले सगळे अवयव नीट पाहिले. राहिली ती फक्त पोटाची भिंत. प्रोब दहा मिनिटे तिच्यावरच टेकवलेला होता, ध्वनिलहरी तिच्यातूनच आत जाऊन परत येत होत्या, पडद्यावर सगळ्यात वर, सगळ्यात जवळ तीच दिसत होती. तिच्याबद्दल रिपोर्टात एक शब्द नाही.

पत्र लिहिणारी बाई डॉक्टर नाही. त्यामुळे पुढे काही चुकीचे वाटले तर आपण जरूर सुधारावे. पण भिंत म्हणजे काय, ते आधी या पत्राच्या इतर वाचकांसाठी सांगायला हवे, कारण हे पत्र जाहीर आहे आणि ते बायाही वाचतील.

छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत, पोटाच्या पुढच्या बाजूने दोन सरळ स्नायू उतरतात, दोन रुंद पट्ट्यांसारखे. त्या दोघांना मधोमध जोडणारी चिवट तंतूंची पांढुरकी शिवण असते, तिला वैद्यकीय भाषेत लिनिया अल्बा म्हणतात. गरोदरपणात पोट वाढते तशी ही शिवण ताणते, रुंदावते, पातळ होते आणि स्नायू दोन्ही बाजूंना सरकतात. हा आजार नाही. लेकराला जागा अशीच होते. पोर्तुगालमध्ये पहिलटकरणींची सोनोग्राफीने मोजणी झाली, 84 जणींची. 35व्या आठवड्यात त्या सगळ्याच्या सगळ्या जणींची शिवण रुंदावलेली होती. बाळंतपणानंतर बहुतेकींचे स्नायू हळूहळू जवळ येतात. काहींचे येत नाहीत. मग पोटाला मधोमध आधार उरतो तो त्या ताणलेल्या पातळ पट्टीचा. याचे नाव डायस्टॅसिस रेक्टाय.

आपल्याकडे त्याला नाव "पोट सुटले" एवढेच. कारणे मात्र पुष्कळ: बाळंतपणात वारा भरला, सव्वा महिना पट्टा बांधला नाही, लवकर उठून पाण्यात हात घातले, शिझर झाले म्हणून पोट बिघडले. सासूचे कारण वेगळे, आईचे वेगळे. दोष मात्र दोघींच्या हिशेबात बाळंतिणीचाच.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांनी पाहिलेली असते. बाई खाटेवरून सरळ उठू लागली की पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, उभा उंचवटा येतो, कवेलूच्या छपराच्या आढ्यासारखा. उठून बसली की तो जातो. बाया त्याला "गोळा" म्हणतात. डॉक्टरांकडेही त्या "पोटात गोळा येते" असेच सांगतात आणि मग चिठ्ठीवर तेच येते. गंमत अशी की सोनोग्राफीच्या टेबलावर बाई उताणी, सैल पडलेली असते. आढे उभे राहतच नाही. गोळा शोधायला पाठवलेल्या बाईचा गोळा त्या दहा मिनिटांपुरता गायब असतो, आणि रिपोर्ट खरेच लिहितो की गोळा नाही.

तर पहिली विनंती. तिला एकदा मान उचलायला सांगा.

गुडघे वाकवून, पाय टेबलावर टेकवून, हात बाजूला ठेवून, श्वास सोडत तिने डोके आणि खांदे जरासे वर घ्यायचे. एवढेच. पण त्यासाठी पोट पाहायचा बाकदार प्रोब बाजूला ठेवून सरळ, उच्च वारंवारितेचा प्रोब हाती घ्यावा लागेल. आपल्याला हे सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे. थायरॉइडसाठी, स्तनासाठी, रक्तवाहिन्यांसाठी आपण तो रोज वापरता. यकृत पाहणारा प्रोब खोलवर पाहण्यासाठी केलेला, त्याला कातडीखालचा पहिला एक-दोन सेंटीमीटरचा थर धूसर दिसतो. सरळ प्रोबला तोच थर स्वच्छ दिसतो. भरपूर जेल आणि अगदी हलका हात, कारण प्रोब दाबला की स्नायूंचा आकार बदलतो आणि मापही बदलते. आणि कृपा करून त्याआधी तिला लघवीला जाऊन येऊ द्या. गर्भाशय पाहायला भरलेले मूत्राशय लागते; भिंत पाहायला लागत नाही, आणि तासभर धरून बसलेल्या बाईला मान उचल म्हणणे हा जुलूम आहे.

मग पडद्यावर दिसते ते खरोखर पाहण्यासारखे असते. दोन्ही कडांना काळपट, मधोमध फुगीर आणि टोकाला निमुळते असे दोन स्नायू, भोवती उजळ आवरण, आणि दोन टोकांच्या मध्ये एक चमकती रेघ. ज्या बाईची शिवण घट्ट आहे, तिची टोके जवळजवळ असतात. जिची सुटली आहे, तिची टोके एका पडद्यात मावत नाहीत. प्रोब सरकवत जावे लागते, किंवा यंत्रात लांब चित्र जोडण्याची सोय असेल तर ती वापरावी लागते. मान उचलली की टोके एकमेकांकडे सरकतात आणि मधली रेघ एक तर ताठ होते, नाही तर मध्येच झोळीसारखी लोंबते किंवा वर फुगते. ते फुगणे हेच त्या बाईचे आढे, हाच तिचा गोळा. एकदा तिलाही पडदा वळवून दाखवा. दोन वर्षे ती जे सांगत होती ते खरे होते, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

हे यंत्र पोटावर पहिल्यांदा आले ते गोळ्यांसाठीच. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन रेनफ्रू इथल्या बॉयलरच्या कारखान्यात गेले होते. तिथे धातूतल्या भेगा शोधायचे ध्वनिलहरींचे यंत्र होते. त्यावर गाठी कशा दिसतात ते त्यांना पाहायचे होते. 1958 च्या जूनमध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख 'लान्सेट'मध्ये आला, तो पोटातले गोळे ध्वनिलहरींनी कसे ओळखावेत यावर. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक बाई होती, जिला जठराचा हाताबाहेर गेलेला कर्करोग आहे असे ठरवून टाकले होते. यंत्राने दाखवले की ती पाण्याची पिशवी आहे. अंडाशयाची गाठ निघाली आणि बाई बरी झाली. भंडारा हे पितळेचे गाव, भाणा म्हणजे पितळी भांडे आणि त्यावरून गावाचे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात. तेव्हा भांड्यातली भेग आणि भांड्यातला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागू नये. भेग पाहण्यासाठी जन्मलेले यंत्र आपल्या हाती आहे आणि आपण त्याने फक्त माल तपासतो.

आता एक तक्रार आकड्यांची आहे. आकडे नसल्याची.

ज्या थोड्या रिपोर्टांत भिंतीचा उल्लेख येतो, तिथे तो "स्नायू विलग झालेले आढळले" एवढ्यावर थांबतो. किती? कुठे? सैल असताना की मान उचलून? यातले काहीच नाही. सहा महिने व्यायाम करून बाई परत आली तर फरक पडला की नाही, हे कशाशी ताडून पाहायचे? युरोपात 2009 मध्ये मूल न झालेल्या 150 निरोगी बायांची मोजणी सोनोग्राफीने झाली. तिच्यातून निघालेली मर्यादा अशी: छातीच्या हाडाच्या टोकाशी 15 मिलिमीटरपर्यंत, बेंबीच्या 3 सेंटीमीटर वर 22 मिलिमीटरपर्यंत, बेंबीच्या 2 सेंटीमीटर खाली 16 मिलिमीटरपर्यंत रुंदी स्वाभाविक समजावी. म्हणजे एकाच बाईच्या पोटावर तीन ठिकाणी तीन मापे असतात आणि जागा न लिहिता दिलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. युरोपातल्या हर्निया सर्जनांच्या संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत सोपे करून 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त रुंदीला डायस्टॅसिस म्हटले. आपण कोणती मर्यादा मानता हा आपला अधिकार आहे. पण तीन जागा, दोन अवस्था, मिलिमीटरमध्ये माप, श्वास सोडल्यावर घेतलेले, एवढे लिहून द्यायला किती वेळ लागतो? प्रोब बदलण्याचा वेळ धरला तरी चार-पाच मिनिटे.

ही मापे परदेशातल्या बायांची आहेत, हेही खरे. मोहाडीच्या, लाखांदूरच्या बाईचे हाड लहान, अंग बारीक. तिची स्वाभाविक रुंदी तेवढीच असेल असे गृहीत का धरायचे? भंडाऱ्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर हा घ्यावा. लागणारे यंत्र जिल्ह्यात आहे आणि मापायला बाया आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख होती. त्यात आया किती असतील याचा अंदाज करायला गणितज्ञ नको.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्यांशी दोन शब्द. रेडिओलॉजिस्टकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण त्यांना काय पाहायचे ते आपण सांगितलेच नाही. "पोटाची सोनोग्राफी, पोटदुखी" असे लिहिले की यकृतापासून गर्भाशयापर्यंतची ठरलेली फेरी होते. "बाळंतपणानंतर दोन वर्षे पोट सुटलेले, उठताना मध्ये उंचवटा, भिंत पाहावी" असे लिहिले तर फेरी वेगळी होईल. बारा-पंधरा शब्द जास्त लिहायचे आहेत. आणि चिठ्ठी लिहिण्याआधी स्वतःची दोन बोटे वापरायला काहीच हरकत नाही: बाई उताणी, गुडघे वाकलेले, बोटे बेंबीच्या वर आडवी ठेवायची, मान उचलायला सांगायचे, किती बोटे आत जातात ते पाहायचे. बोटे सारख्या जाडीची नसतात, म्हणून हे माप कच्चे. पण जिला सोनोग्राफी लागणार नाही तिला तेवढ्यावरच घरी पाठवता येते, हाही फायदा आहे.

सर्जनांसाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे. डायस्टॅसिस म्हणजे हर्निया नाही. शिवण रुंद आणि पातळ होते, तिला भोक पडत नाही. पण त्याच पातळ पट्टीत भोक पडूही शकते, बेंबीत किंवा तिच्या वर, आणि मग आतडे किंवा चरबी त्यातून डोकावते. दोन्हींची सरमिसळ दोन्ही बाजूंनी नुकसान करते. नुसते स्नायू सरकलेल्या बाईला "हर्निया आहे, ऑपरेशन करावे लागेल" असे ऐकवले की ती दोन रात्री झोपत नाही. उलट, बेंबीचा छोटा हर्निया टाके घालून बंद केला आणि भोवतालची शिवण चार सेंटीमीटर सुटलेली आहे हे पाहिलेच नाही, तर टाके कशात घातले? ताणून पातळ झालेल्या कापडात. ते पुन्हा उसवण्याची शक्यता जास्त असते, म्हणूनच त्या 2021 च्या सूचना दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला सांगतात. ऑपरेशनच्या आधी रुंदीचे माप मागावे. ते आपल्याच कामाचे आहे.

सीटी स्कॅनबद्दल थोडेच. मूतखड्यासाठी, अपेंडिक्ससाठी नागपूरला जाऊन काढलेल्या प्रत्येक सीटीत हे दोन स्नायू प्रत्येक कापात दिसतात. मोजपट्टी ओढली की माप तयार. केवळ या मापासाठी कुणाला सीटीच्या किरणांत घालू नये, एमआरआयच्या खर्चात तर मुळीच नाही. पण जे चित्र आधीच निघाले आहे त्यातली एक गोष्ट वाचायची राहून जाते आहे, एवढे लक्षात असावे. हे पुरुषांनाही लागू आहे, बरे का. सुटलेल्या ढेरीचे जे गृहस्थ बाजेवरून उठताना मधोमध आढे दाखवतात, त्यांचीही शिवण रुंदावलेली असू शकते. फक्त त्यांना एसटीत कुणी जागा देत नाही.

ब्रिटन-ऑस्ट्रेलियात फिजिओथेरपिस्ट स्वतः प्रोब हातात घेतात. बाई व्यायाम करत असते, पडद्यावर आतला आडवा स्नायू आवळतो की नाही ते दोघांनाही दिसते. आपल्याकडे तसे होणे अवघड, आणि त्याचे कारण मान खाली घालायला लावणारे आहे. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्र नोंदणीकृत जागीच राहील, पात्र डॉक्टरच वापरील, गरोदर बाईची प्रत्येक तपासणी कागदावर येईल, हे सगळे मुलींच्या जिवासाठी लागले आणि ते तसेच राहावे. पण त्याचा अर्थ असा होतो की या जिल्ह्यात भिंत पाहू शकणारा माणूस फक्त आपण आहात. फिजिओथेरपिस्टने कितीही इच्छा धरली तरी भिंत पाहायची तर त्याला आपल्याच दारात यावे लागणार. कायद्याने आपल्याला दिलेला हा एकाधिकार आहे. त्याबरोबर हे कामही आले.

आता आपल्या बाजूचा एक मुद्दा, तो मांडला नाही तर पत्र अप्रामाणिक होईल. रुंदीचा आकडा म्हणजे सगळे काही नाही. नॉर्वेत पहिल्यांदा आई होणाऱ्या 300 बायांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले; निकाल 2016 मध्ये छापून आला. बोटांनी तपासल्यावर सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींत स्नायू विलग होते, सहा महिन्यांनी 45 टक्के, वर्षाने जवळपास 33 टक्के. म्हणजे वर्ष उलटल्यावरही दर तीन जणींत एक. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की स्नायू विलग असलेल्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत नव्हती. तेव्हा "मधे 3 सेंटीमीटर आहे म्हणून कंबर दुखते" असे सरसकट सांगणे चूक. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, त्याच वर्षी, आणखी एक मजेची गोष्ट दाखवली: आधी आतला आडवा स्नायू आवळून मग मान उचलली तर स्नायूंमधले अंतर उलट जरा वाढते, पण मधली शिवण कमी लोंबते, ताठ राहते. नुसत्या अंतराच्या मागे लागले तर हा व्यायाम बिघडलेला वाटेल. म्हणून रिपोर्टात अंतराबरोबर शिवण ताठ राहिली की लोंबली, हेही लिहावे. ही विनंती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. आकड्यांच्या नादात ती इतक्या खाली आली.

आणि आकडा हाती पडला की बाजार जागा होतो. मोबाइलवर पोट आत घेणाऱ्या पट्ट्यांच्या, चहाच्या, तेलाच्या जाहिराती बाळंतिणीच्या मागे आधीच लागलेल्या आहेत. आपला रिपोर्ट त्या दुकानाची पावती होऊ नये. गरोदर बाईच्या रिपोर्टात तर हे माप घालूच नये. शेवटच्या महिन्यांत सगळ्यांचेच सरकलेले असते, उगाच भीती.

भंडाऱ्याच्या बाईपुरते मात्र एक वेगळे आहे आणि त्यासाठीच हे पत्र रोवणीच्या दिवसांत लिहिले आहे. या महिन्यांत जिल्ह्यातल्या बायांचे दिवस बांधीत जातात. घोटाभर चिखल, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने रोप खोचत मागे-मागे सरकायचे, पाठ सकाळपासून वाकलेली. वाकून रोवल्याने स्नायू विलग होतात असे कोणी सिद्ध केलेले नाही आणि हे पत्र तसे म्हणत नाही. पण त्याच नॉर्वेच्या अभ्यासात आठवड्यातून 20 किंवा अधिक वेळा जड उचलणाऱ्या बायांत वर्षानंतरही स्नायू विलग राहण्याचा संभव सुमारे दुप्पट दिसला. आठवड्यातून वीस वेळा! इथे पाण्याच्या गुंड्या, भातपेंड्यांचे भारे, सरपण, कडेवरचे लेकरू, हे वीस वेळा दिवसाला होते. बाळंतपणाच्या तिसऱ्या महिन्यात रोवणीला उतरलेल्या बाईला "जड उचलू नका" असे रिपोर्टावर लिहून देणे म्हणजे थट्टा आहे. तिला विचारायचे आहे ते वेगळे: भारा उचलताना श्वास कसा सोडू, पोट कसे आवळू, खाटेवरून कुशीवर वळून कशी उठू. हे फिजिओथेरपिस्ट सांगेल. पण त्याच्याकडे पाठवायला कागदावर काहीतरी लिहिलेले हवे, आणि ते लिहायचे आपण आहे.

लिहायचे कोणत्या भाषेत, हा शेवटचा मुद्दा. रिपोर्ट इंग्रजीतच असणार, डॉक्टर डॉक्टरांसाठी लिहितात, ते समजते. पण खाली मराठीत दोन ओळी हाताने लिहिल्या तर? "पोटाचे दोन स्नायू मधून सरकलेले आहेत. गाठ नाही, हर्निया नाही. फिजिओथेरपिस्टला दाखवा." एवढे वाचून दाखवायला घरातली सहावीतली मुलगी पुरते. "काही नाही निघालं" हा घरचा निकाल त्या दोन ओळींनी बदलतो. सगळ्या तपासणीत तिला सर्वांत जास्त याचाच उपयोग होईल, असे पत्रलेखिकेला वाटते.

हे सुरू कुठून करायचे, असा प्रश्न आपण विचारालच. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो, अंगावर पाजते का ते विचारले जाते. बेचाळिसाव्या दिवशी, जाता-जाता, दोन बोटांची ती तपासणी शिकवलेल्या आशाताईला अवघड नाही. सहाव्या आठवड्याला कुणाला "दोष" ठरवायचा नाही, कारण तेव्हा अर्ध्याहून जास्त जणींचे सरकलेलेच असणार. फक्त वहीत नोंद करायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. तेव्हाही तीन-चार बोटे जात असतील, उठताना आढे येत असेल, तर चिठ्ठी घेऊन आपल्याकडे. म्हणजे आपल्या दारात गर्दी उसळणार नाही. जिला खरी गरज आहे तीच येईल. आपल्यापैकी कुणी एका दुपारी तालुक्याच्या बैठकीत आशाताईंना हे दाखवून दिले, तर पत्राचे अर्धे काम झाले.

ती एसटीतली बाई रोवणी संपली की परत येणार आहे, पोळ्याच्या आसपास. जुना रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून बरोबर असेल. तो बाजूला ठेवून, पाणी न पाजता, एकदा मान उचलायला सांगावे.



आपली,
भंडारा जिल्ह्यातील एक पत्रलेखिका